पहिल्या मजल्यावरचा दिंग

पाक शुइ वाय,
३ सप्टेंबर

थोरली बहीण लाय-हो हिच्या सेवेशी, धाकटा भाऊ किन-तोंग याचा वाकून नमस्कार.

तुझे पत्र पावले. गुडघा दुखतो असे लिहिले आहेस. विलायतेच्या ओल्या हवेत चाळीस वर्षे उभे राहून मासे तळल्यावर गुडघ्याने तक्रार करावी हे रास्तच आहे. त्याने इतकी वर्षे कळ काढली, याचेच मला आश्चर्य वाटते.

गावाची खुशाली विचारली आहेस. गाव आता दिवसातून दोनदाच अस्तित्वात असते. सकाळी वडाखाली मिनीबसची रांग लागते तेव्हा, आणि संध्याकाळी तीच माणसे कोमेजून परत उतरतात तेव्हा. रांगेत नेपाळी असतात, फिलिपिनी असतात, उत्तरेकडचे आपले लोक असतात आणि विमान चालवणारा तो इंग्रजही असतो. इतक्या भाषांतून एकच वाक्य ऐकू येते : ‘ही भरली, पुढची कधी?’ सर्व जण शहरात गेले की गावात उरतो मी, कुत्री, आणि गेलेल्यांची पार्सले. दिवसा दार उघडणारा दुसरा मनुष्य नसल्यामुळे प्रत्येक पार्सल माझ्याकडे येते. काल इंग्रजाच्या कुत्र्याचा रेनकोट मी सही करून घेतला. आपल्या वडिलांना रेनकोट नव्हता, हे मी त्या कुत्र्यास सांगितले.

आता मुख्य मुद्दा. या डिसेंबरात आपला दहा वर्षांनी येणारा शांतिउत्सव आहे. गावदेवापुढे लाकडी चंद्रकोरी टाकून कौल घेतील आणि मानकरी निवडतील. वडील पहिले मानकरी होते तेव्हा त्यांच्या निळ्या झग्याचा सोगा मी धरला होता. पुढील उत्सवाच्या वेळी मी अठ्ठ्याऐंशी वर्षांचा असेन, म्हणजे बहुधा मानकऱ्यांत नसून, ज्या भुतांना जेवू घालतात त्यांच्या पंगतीत असेन. तेव्हा पहिला मानकरी व्हायचे तर याच वेळी, असा माझा निश्चय आहे. तो देवाला ठाऊक आहे. आता तुलाही कळवला.

गावप्रमुख पोक-लाम याने घरोघर छापील कागद वाटला. ‘गावात मुक्काम करणारे सर्व रहिवासी मजल्यानुसार लिहावेत. दिंग असल्यास नावाआधी तसे लिहावे. आपले आडनाव याऊ असल्यास ते लिहू नये.’ वाक्यरचना सदोष आहे. परंतु पोक-लाम घरे विकण्याची दलाली करतो, त्याच्याकडून याहून अधिक अपेक्षा नाही. मी शाई उगाळली आणि कुंचल्याने तीन ओळी लिहिल्या :

तळमजला — दिंग किन-तोंग.
पहिला मजला — दिंग सुक-यान.
दुसरा मजला — गुरुंग, चार माणसे.

एकही रेघ इकडची तिकडे नाही. मी चारच इयत्ता शिकलो, परंतु त्या चारही पूर्ण शिकलो.

तुझा भाऊ,
किन-तोंग


बर्कनहेड,
१७ सप्टेंबर

किन-तोंग, तुला उदंड आशीर्वाद.

तुझं पत्र उघडलं की मला वाटतं कोर्टातून समन्स आलं. गुडघ्याची चौकशी करायची सोडून त्याचं कौतुक करतोस होय रे?

हो बाबा, हो पहिला मानकरी. निळा रेशमी झगा घातलास की वाफवलेल्या वांग्यासारखा दिसशील. पण दिस. वडील पण तसेच दिसायचे, कुणी बोललं नाही.

आणि ते ‘दिंग, दिंग’ माझ्यापुढे वाजवू नकोस. याऊंच्या कुळात जन्मलेला पुरुष तो दिंग. त्याला घर बांधायला जागा, त्याच्या नावाचा देवळात कंदील, कौलात नाव त्याचं. तू झालास तेव्हा आजीनं अख्ख्या गावाला भाजलेलं डुक्कर वाटलं. मी झाले तेव्हा म्हणे नुसतं ‘बरं’ म्हणाली.

एक विचारते. उत्सवात भिंतीवर नावांची ती लांबलचक लाल यादी लावतात, देव वरून वाचतो म्हणतात. त्यात सुनांची नावं असतात, पाळण्यातल्या पोरांची असतात. माझं कधीच नव्हतं. गावाच्या लेखी मी ‘गेलेली’. सासरच्या गावात मी आठ दिवस राहिले आणि बोटीत बसले. इथे मी ‘चिप्सवाली’. देवानं उद्या मला शोधायचं म्हटलं तर पत्ता कुठला? एवढा मोठा मानकरी होणार आहेस, तर घाल की माझं नाव.

लाय-हो


बर्कनहेड,
२ ऑक्टोबर

मेल्या!

तुला मुलगा आहे?

पोक-लामच्या बायकोनं माझ्या सुनेला फोनवर कळवलं, सुनेनं मला, मी हातातला चहा सांडला. म्हणे कौल लागला, आणि पहिला मानकरी कोण, तर याऊ सुक-यान, किन-तोंगकाकांचा मुलगा! म्हणे इतकी वर्षं लपवून ठेवला होता, आता तुझ्याच घरी पहिल्या मजल्यावर राहतो, सकाळी अंधारात जातो म्हणून कुणी नीट पाहिला नाही.

तुझी बायको बिचारी मुलासाठी देवळं झिजवून गेली. मी तिच्याबरोबर उपास केले! आणि तू? कोण ती बाई? ती बदकं विकणारी तर नव्हे, तुला नेहमी मांडीचा भाग द्यायची ती?

लगेच लिही. आणि या वेळी ‘वाक्यरचना सदोष’ वगैरे नको. सरळ सांग.

लाय-हो
(रागात आहे. पण तो दिसतो कसा, तेही लिही.)


पाक शुइ वाय,
१६ ऑक्टोबर

थोरली बहीण लाय-हो हिच्या सेवेशी, धाकट्या भावाचा वाकून, परंतु दुखावलेला नमस्कार.

बदके विकणाऱ्या बाईशी माझा संबंध बदकांपुरता होता.

काय घडले ते क्रमाने सांगतो. कौलाच्या दिवशी कुळातील सर्व पुरुष देवळात जमले. पोक-लाम एकेक नाव पुकारीत होता आणि पुजारी चंद्रकोरी टाकीत होता. माझे नाव आले. मी छाती पुढे काढली. दोन्ही कोरी पालथ्या पडल्या, म्हणजे ‘नाही’. देवाने माझ्याबाबतीत क्षणभरही विचार केला असे वाटले नाही. त्यानंतर पोक-लामने पुकारले, “याऊ सुक-यान!” एक उताणी, एक पालथी : ‘होय’. पुन्हा ‘होय’. पुन्हा ‘होय’. असा ‘होय’चा धडाका लागला की पुजाऱ्याच्या हाताला घाम फुटला. इतके कौल कुणालाच लागले नाहीत, म्हणजे पहिला मानकरी तोच.

“हा सुक-यान कोण?” सर्वांनी विचारले.

“किन-तोंगकाकांच्या घरचा दिंग,” पोक-लाम म्हणाला. “काकांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलाय.”

तुझ्या ध्यानात आले असेल. माझी पहिल्या मजल्यावरची भाडेकरीण उत्तरेकडची आहे आणि तिचे आडनावच दिंग आहे. नाव सुक-यान. ती शहरातील उंच इमारतींच्या लिफ्टा तपासते. मी तिचे आडनाव आणि नाव लिहिले, जसे लिहावे तसे. पोक-लामने मात्र वरची ओळ पाहून खालची वाचली, ‘दिंग’ म्हणजे कुळातला पुरुष असे समजून पुढे आपले ‘याऊ’ जोडले, आणि मला मुलगा झाला.

मी तेथेच का बोललो नाही, असे तू विचारशील. बोलणार होतो. परंतु तेवढ्यात ज्या म्हाताऱ्यांनी मला आजवर बाकावर सरकून जागा दिली नव्हती ते सगळे एकदम सरकले. चुलतभावांनी माझे दोन्ही हात धरले. एक जण म्हणाला, “आम्हाला वाटायचं, तू मेलास की तुझ्या चुलीचा धूर बंद!” दुसरा म्हणाला, “छुपा रुस्तम निघालास की रे!” सात दशकांत मला असे कोणी म्हटले नव्हते. मी गप्प राहिलो. गप्प राहणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे. परंतु ते एका दिवसापेक्षा अधिक टिकवले तर फरक कमी कमी होत जातो, हे मान्य करतो.

संध्याकाळी दिंगबाई मिनीबसमधून उतरल्या. खांद्यावर हत्यारांची पिशवी. जिन्यापाशी भाजलेले डुक्कर, लाल कागदात बांधून ठेवलेले.

“काका, हे कुणाचं पार्सल?”

“तुमचे,” मी म्हणालो. “म्हणजे माझे. मला मुलगा झाल्याबद्दल आले आहे.”

“अरे वा! कधी?”

“आज दुपारी. तो मुलगा आपण आहात.”

त्या पायरीवर बसल्या आणि इतक्या हसल्या की दुसऱ्या मजल्यावरून गुरुंग खाली आला. त्यालाही सांगावे लागले. त्याने गंभीरपणे माझे अभिनंदन केले आणि सुरी आणली. आम्ही तिघांनी ते डुक्कर खाल्ले, त्याच्या बायकोने तिखट चटणी दिली. सत्य दुसऱ्या दिवशी सांगायचे ठरले, कारण डुक्कर गरम होते.

दुसऱ्या दिवशी मी पोक-लामच्या दारात जाऊन सर्व सांगितले. तो पांढरा पडला. देवाने दिलेला कौल फिरवता येत नाही, आणि बाई मानकरी होऊ शकत नाही. आता पंचांची बैठक बोलावली आहे.

तुझ्या नावाविषयी : नियम ‘गावात मुक्काम करणारे’ असा आहे. तू गावात मुक्काम करीत नाहीस. मी नियम केलेला नाही.

किन-तोंग


बर्कनहेड,
२८ ऑक्टोबर

किन-तोंग,

इतकी हसले की सुनेनं डॉक्टरला फोन करायला घेतला होता.

मुलगा नाही म्हणून थोडं वाईटही वाटलं, खरं सांगते. मी त्याच्यासाठी स्वेटर घेतला होता. आता तो दिंगबाईला दे, मापाचा प्रश्न नाही, मी सैलच घेतला होता.

पण ऐक. तो पोक-लाम तुला काहीतरी गोड बोलून फसवणार. त्याचा बापही तसाच, आपली म्हैस मोजताना शिंगं वेगळी मोजायचा. तुला मानकरी व्हायचंय हे त्याला ठाऊक आहे. तुझं तोंड बंद कसं करायचं हेही ठाऊक आहे. जपून राहा.

आणि ‘मी नियम केलेला नाही’ म्हणे. नियम पाळणारेच नियम करतात, बाळा. बाकीचे बोटीत बसून जातात.

लाय-हो


पाक शुइ वाय,
१० नोव्हेंबर

थोरली बहीण लाय-हो हिच्या सेवेशी, नमस्कार.

स्वेटर पोहोचला. दिंगबाईंना लांब होतो, गुरुंगच्या मोठ्या मुलाला आखूड. सध्या तो इंग्रजाच्या कुत्र्यावर प्रयोगादाखल आहे.

बैठक झाली. तू म्हणालीस तसेच झाले. पोक-लामने मला आधी देवळामागे नेले, चहा दिला आणि एक कागद पुढे केला.

“काका, एवढीशी सही. ‘माझ्या लिहिण्यात चूक झाली’ एवढंच. चूक झाली म्हटलं की तो कौल बाद. मग पुन्हा कौल लावू. आणि या वेळी,” त्याने डोळा मारला, “पुजाऱ्याचा हात जरा हलका पडेल. तुमचं नाव येईल. पहिलं.”

“म्हणजे मी पहिला मानकरी?”

“तुम्हीच. निळा झगा शिवायला टाकलाय. तुमच्या मापाचा.”

ताई, मी खोटे लिहिणार नाही. मी पेन हातात घेतले होते. मला वडिलांची पाठ दिसत होती, तो सोगा हातात जाणवत होता. मग मी कागद पुन्हा वाचला. ‘माझ्या लिहिण्यात चूक झाली.’

“हे असत्य आहे,” मी म्हणालो.

“काका, एक ओळ आहे!”

“माझ्याही तीनच ओळी होत्या. त्यांतील एकही चुकलेली नाही. दिंग हे तिचे आडनाव आहे. मी आडनाव लिहिले. चूक वाचण्यात झाली. ‘माझ्या वाचण्यात चूक झाली’ असे तू लिही आणि तू सही कर.”

“मी सही केली तर लोक मला हसतील!”

“आणि मी केली तर?”

“तुमचं काय काका, तुम्ही चौथी शिकलेले. तुमची चूक लोक समजून घेतील.”

हे वाक्य त्याने उच्चारले नसते तर कदाचित मी आज पहिला मानकरी असतो. मी पेनला टोपण लावले. मानकरीपण सोडून देता येते, ताई. चौथीपर्यंत जे शिकलो ते सोडले तर माझ्यापाशी काय उरते?

बैठकीत मी उभा राहून सांगितले : कागद बरोबर आहे, कौल खरा आहे. देवाला ती बाई आहे हे ठाऊक नव्हते असे ज्यांचे म्हणणे असेल त्यांनी तसे देवापुढे जाऊन म्हणावे. कोणी गेले नाही. शेवटी पुजाऱ्यानेच तोडगा काढला, देवालाच पुन्हा विचारू. या वेळी ‘याऊ’ न लावता, ‘दिंग सुक-यान, बाई, भाडेकरीण, लिफ्टवाली’, असे पूर्ण वर्णन करून कौल लावला. ‘होय’. माझा चुलतभाऊ म्हणाला, “देव पण शहरात नोकरीला लागला वाटतं.”

मग खरी अडचण उभी राहिली. दिंगबाईंना विचारले तर म्हणाल्या, “काका, उत्सव पाच दिवस. मला रजा दोनच दिवसांची आहे. लिफ्टा बंद पडल्या तर हजारो लोक जिने चढतील.” पहिल्या मानकऱ्याला रजा मिळत नाही, असा प्रसंग या गावावर प्रथमच आला. तेव्हा देवाला विचारून असे ठरले की रजेचे दोन दिवस त्या उभ्या राहतील, उरलेले तीन दिवस त्यांचा बदली म्हणून मी. पुजारी ‘दिंग सुक-यान’ असे पुकारील आणि मी ‘हजर’ म्हणेन. झगा माझ्याच मापाचा आहे. त्या दोन दिवस बाह्या दुमडणार आहेत.

ही बातमी बसच्या रांगेत पसरली आणि गोंधळ झाला. गुरुंग म्हणाला, “काका, माझी पोरं इथेच जन्मली, इथेच झोपतात, तुमच्यापेक्षा मोठ्यानं घोरतात. त्यांची नावं यादीत का नाहीत?” नियम वाचून पाहिला : ‘मुक्काम करणारे सर्व’. आजवर कोणी विचारले नव्हते म्हणून कोणी लिहिले नव्हते. मग फिलिपिनी बायका आल्या, इंग्रज आला. कुत्र्याचे नाव मी नाकारले. ते रहिवासी आहे, परंतु करदाते नाही. इंग्रज म्हणाला, “गुरुंगची पोरंही कर भरत नाहीत.” मी त्यावर विचार करीत आहे.

पोक-लामच्या याद्या छापणाऱ्या यंत्रावर आता कोणाचाही विश्वास नाही, म्हणून लाल यादी कुंचल्याने लिहिण्याचे काम माझ्याकडे दिले आहे. नेपाळी नावे आपल्या अक्षरांत बसवताना घाम फुटतो. ‘दिलमाया’चे मी तीन वेळा निरनिराळे केले, शेवटी तिने स्वतः निवडले. ५ डिसेंबरच्या रात्री मी शेवटची ओळ लिहीन. सहाला सकाळी यादी भिंतीवर चढेल.

ताई, नियम पुन्हा काळजीपूर्वक वाचला. ‘मुक्काम करणारे’ असे लिहिले आहे. किती रात्री, हे लिहिलेले नाही. पोक-लामची वाक्यरचना सदोष असते हे मी पूर्वीच कळवले होते. माझ्या मते एक रात्र पुरे.

तळमजल्यावर दुसरी खाट आहे.

किन-तोंग


बर्कनहेड,
२२ नोव्हेंबर

किन-तोंग,

तुझं पत्र सुनेला वाचून दाखवलं. तिनं विचारलं, “आत्याबाई, रडताय का?” म्हटलं नाही, गुडघा दुखतो.

तिकीट काढलं. ४ तारखेला दुपारी उतरते. चाकाची खुर्ची मागितली आहे, पण गावच्या वेशीपासून चालत येईन, त्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या बाकासमोरून. सरकू दे त्यांना.

खाट भिंतीकडची मला. गरम पाण्याची पिशवी मी आणते, तुझ्या घरात ती असेल असं वाटत नाही. आणि तुझं जेवण खाऊन मरायची माझी इच्छा नाही, तेव्हा गुरुंगच्या बायकोला सांग, ती तिखट चटणी जास्त करून ठेव.

आता एक मागणं. पंच्याऐंशी वर्षांची झाले, तुझ्याकडे दुसरं काही मागितलं नाही. मागितलं असेल तर आठवत नाही. तू ओळ लिहिशील तेव्हा मजल्यानुसार लिही, तुझ्या त्या नीट अक्षरात :

तळमजला — दिंग लाय-हो.

कुणी बोललंच तर म्हणावं, चूक झाली. म्हातारा आहे, चौथी शिकलेला आहे. लोक समजून घेतील.

लाय-हो


पाक शुइ वाय,
१ डिसेंबर

थोरली बहीण लाय-हो हिच्या सेवेशी, धाकट्या भावाचा वाकून नमस्कार.

टपालाने हे पत्र तुझ्या निघण्यापूर्वी पोहोचणार नाही, म्हणून दिंगबाई याचे छायाचित्र फोनवरून धाडत आहेत. मूळ प्रत तू आल्यावर सही करून ताब्यात घ्यावी.

भिंतीकडची खाट तुझी. गादी उन्हात घातली आहे. इंग्रजाचे कुत्रे तिच्यावर झोपले होते, त्यास उठवले. कुत्र्याचे नाव अखेरीस यादीत घेतले. गुरुंगच्या मुलांविषयीच्या प्रश्नाचे उत्तर मला सापडले नाही.

आता तुझ्या मागण्याविषयी. तू लिहितेस, चूक झाली असे सांगावे. तसे मी सांगू शकत नाही. माझ्या हातून लिहिण्यात चूक होत नाही, हे मी नुकतेच भर बैठकीत, पहिल्या मानकरीपणाची किंमत मोजून सिद्ध केले आहे. संपूर्ण गाव त्यास साक्षी आहे.

तेव्हा भिंतीवर जी ओळ लिहिलेली दिसेल, ती बरोबर आहे असेच सर्वांना मानावे लागेल.

शाई उगाळून ठेवली आहे.

किन-तोंग